रद्दीतला वेताळ

मागल्या वर्षी ऐन आषाढात धाकट्या काकांचं दादरचं घर रिकामं करायची वेळ आली. इमारत पुनर्विकासाला जायची होती, काकांना जाऊन दोन वर्षं झाली होती आणि काकूंना चुलतबहिणीनं ठाण्याला नेलं होतं. माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली उतरवली. वर पंचांगं, विजेची बिलं, कसल्याकसल्या पावत्या. आणि तळाशी सुतळीनं बांधलेले इंद्रजाल कॉमिक्सचे एकतीस अंक. सगळे मराठी. रद्दीवाला जिन्यात तागडी घेऊन उभा होता. त्यानं गठ्ठा हातावर तोलला आणि म्हणाला, "साहेब, हे वर्तमानपत्राच्या भावात जाईल. कव्हरं चांगली असती तर पुस्तकात धरलं असतं."

गठ्ठा मी पिशवीत घातला त्यामागे संशोधन वगैरे काही नव्हतं. ते अंक निम्मे माझेच होते. मे महिन्याच्या सुट्टीत मी आणि चुलतभाऊ पैसे काढून ते घेत असू, आणि कोणाच्या घरी किती राहायचे यावर भांडत असू. तो आता नाही. भांडण असं एकतर्फी मिटलं याचं त्या जिन्यात उभं राहून जरा विचित्र वाटलं.

वाचकांपुढे एक कबुली आधीच द्यायला हवी. १९७९ साली, महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला असताना, मी भित्तिपत्रकात 'वेताळ : साम्राज्यशाहीचा मुखवटा' असा लेख लिहिला होता. गोरा माणूस, कवटीच्या आकाराच्या गुहेतलं सिंहासन, भोवती हात जोडून उभ्या काळ्या जमाती. निष्कर्ष काढायला फार बुद्धी लागत नव्हती. लेखाचं कौतुक झालं. त्यानंतर चाळीसेक वर्षांत मी साहित्यावर बरंच लिहिलं, पण वेताळाकडे पुन्हा वळून पाहिलं नाही. आता एकतीस अंक एका बैठकीत नाही तरी एका पावसाळ्यात सलग वाचल्यावर मला माझा तो लेख तपासून घ्यावासा वाटतो. तो चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. पण तो लिहिताना माझ्यासमोर अंक नव्हते, नुसती त्यांची आठवण होती. आणि त्या आठवणीत कागद, शाई आणि मराठी भाषा या तीन गोष्टी नव्हत्या.

कागदापासून सुरुवात करतो, कारण या वस्तूबद्दल पहिली गोष्ट कुठली सांगायची तर ती स्वस्त होती. अमेरिकेत कॉमिक पुस्तकाचा जन्मच मुळी रद्दीच्या शेजारी झाला. १९३० च्या दशकात वर्तमानपत्रांच्या रविवारच्या रंगीत पुरवण्या छापणारी यंत्रं मधल्या वेळात रिकामी असत. त्या वेळात छापून झालेल्याच चित्रमालिका लहान आकारात पुन्हा छापाव्यात, मधोमध दोन पिना माराव्यात आणि विकाव्यात, हा आरंभीचा हिशेब. ज्या ॲक्शन कॉमिक्समधून सुपरमॅन अवतरला त्याच्या पहिल्या अंकावर जून १९३८ ही तारीख आहे. चौसष्ट पानं आणि किंमत दहा सेंट. पुढे जवळपास १९६१ संपेपर्यंत प्रकाशकांनी ही दहा सेंटची किंमत राखली, मात्र पानं निम्म्यावर आणली. आपल्याकडे बिस्किटाच्या पुड्याचं जे होतं तेच.

कागद वर्तमानपत्राचाच, शाई पिणारा, दहा वर्षांत पिवळा पडणारा. छपाई चार शायांची: लाल, पिवळी, निळी आणि काळी. प्रत्येक रंगाच्या फिकट, मध्यम आणि भरीव अशा तीनच पायऱ्या ठिपक्यांच्या दाटीनं साधायच्या. गणित मांडलं तर हाताशी चौसष्ट छटा येतात, त्यातल्या पुष्कळशा चिखलासारख्या. म्हणजे चित्रकाराला आणि रंग ठरवणाऱ्याला ज्या गोष्टी खात्रीनं वठतील त्याच वापरता येत. सुपरहिरोंचे भडक लाल-निळे-पिवळे पोशाख बालिश अभिरुचीचं लक्षण म्हणून आपण हसण्यावारी नेतो. पण भिकार कागदावर न फसता उतरतील असे रंग तेवढेच होते.

याचा सर्वांत बोलका दाखला हल्कचा आहे. मे १९६२ च्या पहिल्या अंकात तो करडा होता. छापताना करडा रंग जागेवर राहीना. एका पानावर काळपट, दुसऱ्यावर आणखीच वेगळा. दुसऱ्या अंकापासून त्याला हिरवा करून टाकलं. आज जगभरची मुलं ज्याला हिरवा राक्षस म्हणून ओळखतात त्याच्या हिरवेपणामागे ना रूपक आहे ना प्रतीक. छापखान्याची अडचण आहे. वेताळाचंही तसंच. त्याचा जनक ली फॉक याच्या डोक्यात पोशाख करडा होता. १७ फेब्रुवारी १९३६ ला सुरू झालेली रोजची पट्टी काळ्या-पांढऱ्यात असल्यानं तिथे प्रश्न आला नाही. २८ मे १९३९ पासून रविवारची रंगीत पुरवणी सुरू झाली, आणि पोशाख जांभळा छापला गेला. इटलीत आणि तुर्कस्तानात तो लाल झाला, स्कँडिनेव्हियात निळा. घनदाट जंगलात लपतछपत वावरणाऱ्या माणसानं जांभळे कपडे का घालावेत, यावर आम्ही दोघा भावांनी एका संपूर्ण दुपारी वाद घातला होता. त्याचं म्हणणं, अंधारात जांभळा दिसत नाही. मी रात्री बाल्कनीत आईचं जांभळं लुगडं वाळत घालून प्रयोगही केला होता. खरं उत्तर अमेरिकेतल्या एका छापखान्यात होतं हे कळायला मला साठी गाठावी लागली.

पोशाखाच्या बाबतीत आणखी एक नोंद हवी. अंगासरशी बसणारा अखंड पोशाख आणि बुबुळं न दाखवणारा मुखवटा ही सुपरहिरोची जी वर्दी पुढे ठरून गेली ती वेताळानं सुपरमॅनच्या दोन वर्षं आधी घातली. त्याच्याकडे अद्भुत शक्ती नाही. त्याला गोळी लागते, ताप येतो, तो मरतो. म्हणून काही अभ्यासक त्याला सुपरहिरो मानायला तयार नसतात. मला तो सुपरहिरोच वाटतो, आणि का ते पुढे येईल.

इंद्रजाल कॉमिक्स मार्च १९६४ मध्ये टाइम्स ऑफ इंडियाच्या बेनेट, कोलमन कंपनीनं सुरू केलं. त्याआधी फॅन्टम इलस्ट्रेटेड वीकलीतून इंग्रजी वाचकांच्या ओळखीचा झालेला होता. आरंभीच्या काळात या कामाशी अनंत पै यांचा संबंध होता. तेच पुढे बाहेर पडले आणि १९६७ मध्ये त्यांनी अमर चित्र कथा उभी केली. पहिले बत्तीस अंक फक्त वेताळाचे. मग मॅन्ड्रेक, फ्लॅश गॉर्डन, रिप कर्बी, बझ सॉयर अशी मंडळी आलटून-पालटून येऊ लागली. इंग्रजीबरोबर मराठी, हिंदी, गुजराती, बंगाली, तमिळ अशा भाषांतून आवृत्त्या निघत. मासिक, मग पाक्षिक, ऐंशीच्या दशकात साप्ताहिक, आणि १९९० मध्ये बंद. सव्वीस वर्षांत आठशेच्या वर अंक.

आता अंक उघडून बघू. मुखपृष्ठ मुंबईत रंगवलेलं. पुष्कळ मुखपृष्ठांवर गोविंद ब्राह्मणिया यांचा हात आहे. आतली चित्रं अमेरिकेतून आलेली. मुखपृष्ठावरचा वेताळ आणि आतला वेताळ हे दोन वेगळे पुरुष आहेत. बाहेरचा हिंदी सिनेमाच्या फलकावरून उतरल्यासारखा, भरदार छातीचा, डोळ्यांत भरणाऱ्या रंगांचा. आतला सडसडीत, रेषेचा. लहानपणी हे खटकलं नाही, आता मात्र मजेचं वाटतं: सिनेमा बाहेर पोस्टरवर एक आणि आत पडद्यावर दुसरा, याची आपल्याला सवयच होती.

आतल्या चित्रकारांत रे मूर आणि विल्सन मॅकॉय हे आरंभीचे. साठच्या दशकापासून साय बॅरी. माझ्या गठ्ठ्यातले बहुतेक अंक बॅरीचे आहेत. त्याची खुबी काळ्या शाईत आहे. झाडांची खोडं, वेली, घोड्यावरच्या स्वाराची पाठ, गुहेचं तोंड हे सगळं तो भरीव काळ्यात टाकतो, आणि पांढरी जागा अगदी मोजून सोडतो. इंद्रजालच्या छपाईत रंग अनेकदा जागचे हललेले आहेत. एका अंकात डायानाचे ओठ हनुवटीवर आलेत, दुसऱ्यात एका डाकूचा सदरा त्याच्या शेजारी उभा असल्यासारखा दिसतो. पण काळी रेषा सगळं सावरून धरते. उत्तम कागदावरच्या अलीकडच्या पुनर्मुद्रणांत हीच चित्रं मी पाहिली आहेत. रंग काटेकोर, पांढरा शुभ्र कागद, आणि चित्रं उघडी पडल्यासारखी. जी रेषा खराब छपाईशी झुंजण्यासाठी काढली होती तिला झुंजायला काही उरलेलं नाही.

दुसरी गोष्ट कात्रीची. वर्तमानपत्रातली रोजची पट्टी तीन-चार चौकटींची. काल काय झालं याची आठवण पहिल्या चौकटीत, आज काय झालं ते मधे, उद्याची हूल शेवटी. महिनोन् महिने चाललेली अशी मालिका एका पातळ पुस्तकात बसवायची म्हणजे कापाकापी अटळ. आमच्या संपादकांनी चौकटी गाळल्या, छाटल्या, पानाच्या मापात बसवल्या. शुद्धतावाद्यांना हे पाप वाटतं. मी मूळ पट्ट्यांचे काही संग्रह मिळवून दोन कथा शेजारी ठेवून वाचल्या. मूळ कथा संथ आहे, आठवणींनी आणि हुलकावण्यांनी भरलेली. कापलेली मराठी कथा धावते. 'इतक्यात', 'इकडे', 'त्याच वेळी' अशा एकेका शब्दावर ती समुद्र ओलांडते. हे कसब ज्यानं कापलं त्याचं आहे, आणि ते अमेरिकी मुळीच नाही. आमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांची गोष्ट सांगण्याची रीत अशीच असायची: कारणं कमी, घटना फार.

आणि आता भाषा. इथे मला थोडं रेंगाळायचं आहे.

फॅन्टम या शब्दाला मराठीत भूत, पिशाच्च, छाया, भास असे किती तरी पर्याय होते. निवड झाली ती वेताळ या नावाची. ती मराठीपुरती नव्हती, हिंदीतही तो वेताल झाला. उत्तरेत वेताळ म्हटलं की विक्रमाच्या पाठीवर बसून कोडी घालणारं प्रेतातलं भूत समोर येतं, आणि आपल्याकडेही वेताळपंचविशीमुळे व 'चांदोबा'च्या कृपेनं तो वेताळ घराघरांत होता. पण मराठी मुलखात, विशेषतः कोकणात आणि गोव्यात, वेताळ त्याहून निराळा आहे. तो देव आहे. भुतांचा राजा आहे आणि म्हणूनच भुतांपासून राखणारा आहे. तो गावाच्या सीमेवर उभा असतो. पुण्याच्या टेकडीवर त्याचं ठाणं आहे. ती टेकडी त्याच्याच नावानं ओळखली जाते. गोव्यात आमोण्याला, पैंगिणीला तो बेताळ म्हणून पुजला जातो, आणि तिथल्या काही जुन्या दगडी मूर्तींच्या अंगावर मुंडमाळ आहे.

माझी आजी वेंगुर्ल्याकडची. तिच्या माहेराहून जवळ आरवलीचा वेतोबा. वेतोबाला नवस फेडताना केळ्यांचा घड देतात आणि चामड्याच्या भल्या मोठ्या वहाणा वाहतात. देवळात त्या वहाणांचे जोड मी लहानपणी पाहिले होते. माझं अख्खं पाऊल एका अंगठ्याच्या जागेत मावलं असतं. देवाला चपला कशाला, असं मी विचारल्यावर आजी म्हणाली होती, "अरे झिला, वेतोबा रातीचो गावभर फिरता, म्हणान व्हाणो झिजतत."

इंग्रजीत फॅन्टमचं बिरुद 'चालणारं भूत' असं आहे. त्याच्या घराण्याचं आडनावही वॉकर, म्हणजे चालणाराच. चारशे वर्षं तो जंगलाच्या राज्यात रात्री-अपरात्री हिंडतो, दुष्टांच्या जबड्यावर कवटीची खूण उमटवतो, ज्यांना अभय दिलं त्यांच्या दारावर दुसरी खूण ठेवतो. तो मरत नाही अशी लोकांची समजूत आहे. तो राखणदार आहे आणि भीतिदायकही आहे, आणि त्याच्या राखणदारीचा आधारच ती भीती आहे. सीमेवरून रात्री फिरणारा, अंगावर कवट्या मिरवणारा, भुतांमधलाच असून भुतांना आवरणारा असा पुरुष न्यू यॉर्कच्या वाचकाला नवा होता, म्हणून त्याला दंतकथा रचून द्यावी लागली. वेंगुर्ल्याच्या पोराला तो ओळखीचा होता. नाव ठेवताना कोणाच्या मनात आरवली होती असा दावा मी करत नाही. नाव एकदा ठेवल्यावर मात्र त्याच्यामागून वेतोबा आपोआप चालत आला. मला तरी कवटीगुहेतल्या सिंहासनावर बसलेला माणूस परका वाटल्याचं आठवत नाही. त्याचे बूट झिजत असतील का, एवढीच शंका होती.

माझ्या जुन्या लेखातली पहिली चूक ही. मी 'फॅन्टम' वाचून 'वेताळ' वर टीका केली होती. एका शब्दाच्या भाषांतरानं नायकाची जात बदलली होती हे माझ्या ध्यानात आलं नाही.

पण यामुळे मूळचा आरोप पुसला जातो का? नाही. तिथेही सरळ बघितलं पाहिजे. किपलिंगचं जंगल आणि टारझन यांचं ऋण फॉकवर उघड आहे. विषारी बाणांच्या बुटक्या जमातीचं मूळ नाव 'बांदार' आहे. ते कुठल्या हिंदी शब्दासारखं ऐकू येतं आणि किपलिंगनं तो शब्द कुठे वापरलाय हे सांगायला नको. पिढ्यान् पिढ्या एका गोऱ्या घराण्यानं त्यांच्यावर अधिकार गाजवायचा आणि त्यांनी त्या अधिकाराला शाप नव्हे, वरदान समजायचं. वेताळाचा देश आरंभी बंगालची आठवण देणाऱ्या नावानं पूर्वेकडच्या कुठल्याशा किनाऱ्यावर होता, मग तो हळूहळू आफ्रिकेत सरकला. याचा अर्थ एवढाच की लेखकाला जंगल हवं होतं, देश कुठलाही चालला असता. आणि ज्यांच्या नाशाची शपथ पहिल्या वेताळानं आपल्या बापाच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून १५३६ साली घेतली, त्या समुद्री चाच्यांचं मूळ नाव सिंग टोळी. म्हणजे खलनायक आपलेच.

इंद्रजालच्या संपादकांनी हे ओळखलं होतं. भारतीय आवृत्त्यांत त्या देशाचं नाव डेंकाली झालं, सिंग चाचे सिंगा झाले, राम नावाचा खुनी रामालू झाला. दोन-चार अक्षरांचे फेरफार. याला सेन्सॉरगिरी म्हणता येईल, आणि बाजार सांभाळण्याची हुशारीही. वसाहतवादी कथेतून आपलं नाव तेवढं काढून घेतलं, आफ्रिकेचं तसंच ठेवलं. हे वाचताना आता बरं वाटत नाही. आम्ही दोघं भाऊ खेळताना वेताळ व्हायला भांडायचो आणि बुटका व्हायला वाडीतल्या एका सावळ्या मुलाला लावायचो. त्याचं नाव इथे लिहीत नाही. तो कधी तक्रार करायचा नाही. १९७९ च्या लेखात मी साम्राज्यशाहीवर चार पानं लिहिली, या मुलाबद्दल एक ओळही नाही.

फॉकच्या बाजूनं एक नोंद करणं न्यायाचं होईल. तो १९९९ मध्ये वारला तोवर लिहीत होता, म्हणजे साठ वर्षांहून अधिक. या काळात जग बदललं तसा त्याचा देशही बदलला. पुढच्या कथांत तिथे लोकशाही येते, लमांडा लुआगा नावाचा काळा डॉक्टर निवडून येऊन राष्ट्राध्यक्ष होतो, आणि वेताळाला त्याच्याशी मैत्रीच्या नात्यानं वागावं लागतं. सिंहासन गुहेत राहतं, राज्य शहरात जातं. सुधारणा अर्धीच आहे. पण दहा सेंटच्या किंवा रुपया-सव्वा रुपयाच्या पुस्तकाकडून आपण जेवढी अपेक्षा करतो तेवढी आपल्या त्या काळच्या गंभीर कादंबऱ्यांकडून केली तर काय हाती लागेल, हे मी एकदा बघणार आहे.

सुपरहिरोच्या प्रश्नाकडे येतो. इटालियन विचारवंत उंबेर्तो एको यानं १९६२ साली सुपरमॅनच्या मिथकावर निबंध लिहिला. त्याचा मुद्दा थोडक्यात असा: पुराणातल्या वीराची कथा घडून गेलेली असते, कादंबरीतला नायक मात्र काळ खर्च करतो, प्रत्येक कृतीनं तो मरणाच्या थोडा जवळ जातो. सुपरमॅनला दोन्ही व्हायचं आहे. म्हणून त्याच्या कथांत काळच धूसर ठेवतात, प्रत्येक कथा आधीची न झाल्यासारखी सुरू होते, त्याचं लग्न होत नाही.

वेताळानं हाच पेच वेगळ्या रीतीनं सोडवला आहे. आज दिसतो तो एकविसावा वेताळ. आधीचे वीस मेले, गुहेत त्यांची थडगी आहेत. मुलगा बापाचा मुखवटा चढवतो आणि बाहेरच्या जगाला पत्ता लागत नाही. काळ खर्च होतो, माणूस संपतो, पद उरतं. प्रत्येक वेताळ आपल्या कारकिर्दीची हकिकत जाड वह्यांत लिहून ठेवतो. मराठी वाचकाला हे समजावून सांगायला लागत नाही. बखर म्हणजे काय आणि वतन म्हणजे काय हे आपल्या हाडीमाशी आहे. कर्तबगारी वारशानं येते, हा विचार लोकशाहीच्या दृष्टीनं वाईटच. सुपरमॅनचा अनाथ, स्थलांतरित, पत्रकारितेत पोट भरणारा क्लार्क त्यापेक्षा कितीतरी आधुनिक. पण मरणाला कथेत जागा देणारा सुपरहिरो त्या काळात मला दुसरा माहीत नाही. एका अंकात म्हातारा विसावा वेताळ अंथरुणावर आहे आणि तरुण मुलगा दूरदेशाहून परत आलेला आहे. शपथ घेतली जाते, मुखवटा एका चेहऱ्यावरून दुसऱ्यावर जातो. ही चौकट मी अकराव्या वर्षी पाहिली होती. यंदा पुन्हा पाहिली, माझे वडील गेल्याला बारा वर्षं झाल्यावर. ठिपके दिसत होते, रंग जागेवर नव्हता, आणि तरी मला पान उलटायला वेळ लागला.

बहादूरबद्दल सविस्तर लिहायला हवं होतं, पण गठ्ठ्यात त्याचे दोनच अंक आहेत. डिसेंबर १९७६ मध्ये आबिद सुरती यांनी त्याला आणलं, चित्रं गोविंद ब्राह्मणिया यांची. भगवा कुर्ता आणि खाली जीन्स. बाप चंबळचा डाकू, पोलिसांच्या गोळीला बळी पडलेला. आणि त्याच पोलीस अधिकाऱ्यानं पोराला वाढवलेलं. म्हणजे वारसा नाकारून नायक झालेला माणूस. वेताळाच्या अगदी उलट, आणि तोही त्याच मासिकात, त्याच कागदावर. कोणीतरी दोघांना शेजारी ठेवून लिहावं. त्याच पंगतीत बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाडही बसवावे लागतील. स्वस्त कागदावरचा न्यायनिष्ठुर नायक आपल्याला अमेरिकेनं शिकवला नव्हता, एवढं तरी त्यातून दिसेल.

मात्र असं काम करायला अंक हवेत. मी दोन मोठ्या ग्रंथालयांत विचारणा केली. एका ठिकाणी सांगितलं, हे बालवाङ्मयात मोडतं आणि फाटलेलं बालवाङ्मय दर पाच वर्षांनी काढून टाकतात. दुसऱ्या ठिकाणच्या बाई मनापासून हसल्या आणि म्हणाल्या, "माझ्याकडे घरी होते, आईनं बोहारणीला दिले." माझ्या एकतीस अंकांत भाषांतरकाराचं नाव कुठेही नाही. देवनागरीला वर मात्रा-वेलांटी आणि खाली उकार लागतो, म्हणून ओळींना इंग्रजीपेक्षा उंची अधिक लागते. फुगा मात्र इंग्रजी मजकुराच्या मापाचा. त्या फुग्यात मावेल, मुलाला कळेल आणि वेताळाच्या तोंडी शोभेल असं वाक्य कोणीतरी दर पंधरवड्याला शेकड्यांनी बसवत होतं. ते वाक्य तुटक असतं, क्रियापद अनेकदा गाळलेलं, हुकमी. माझ्या पिढीच्या मराठी गद्यात जो एक आखडतेपणा आहे, ज्याचं श्रेय आम्ही नवकथेला देतो, त्यात या अनामिक माणसाचा किंवा बाईचा वाटा असेल का? सिद्ध करता येणार नाही. मला तसं वाटतं खरं.

दरम्यान जगात या रद्दीचे भाव कुठे गेले आहेत ते सर्वांना ठाऊक आहे. दहा सेंटचा ॲक्शन कॉमिक्सचा पहिला अंक २०१४ मध्ये सुमारे ३२ लाख डॉलरला विकला गेला. असे अंक कडक प्लास्टिकच्या कवचात सीलबंद करून ठेवतात. कवच फोडलं की प्रतवारी जाते, किंमत पडते. म्हणजे ते उघडायचे नाहीत.

हे लोण इंद्रजालपर्यंतही आलं आहे. माझ्या गठ्ठ्यातल्या शेवटच्या अंकाची मागची चार पानं नाहीत. वेताळ एका बुडत्या जहाजाच्या तळाशी अडकलाय, पाणी छातीपर्यंत आलंय, आणि पुढे पीन. दिवाळीच्या आधी जुन्या पुस्तकांच्या एका दुकानात तोच अंक दिसला. जाड पारदर्शक पिशवीत, मागे पुठ्ठा, वर चिकटपट्टी. किंमत त्यानं चार आकड्यांत सांगितली. मी म्हटलं, फक्त शेवटची चार पानं बघू द्या, इथंच उभा राहून बघतो. तो म्हणाला, "काका, पट्टी काढली की माल गेला." मी त्याला पुन्हा विचारलं नाही. घरी येऊन अंक परत सुतळीत बांधला. शेवट मला आठवतो असं वाटतं: डायाना वरून दोर टाकते. चुलतभाऊ असता तर म्हणाला असता, दोर नाही, साखळी होती.